कडक इस्त्रीवाल्याची मऊ पोळी

त्याला गल्लीत सगळे 'कडक' म्हणायचे. समोर कडककाका, पाठीमागे नुसतंच कडक. खरं नाव काय ते विजेच्या बिलावर छापलेलं असे, आणि ते बिल त्याच्याशिवाय कोणी वाचत नसे. माणूस तसा स्वभावाने काही कडक नव्हता, उलट जरा बुजराच. नाव पडलं ते त्याच्या इस्त्रीवरून. त्याच्या हाताखालून गेलेला शर्ट अंगात घातला की मान वळवायला कॉलरची परवानगी काढावी लागायची. गिऱ्हाईक कुरकुरत घरी जायचं आणि आठवड्याने पुन्हा तिथेच गाठोडं आणून टाकायचं.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक लांबलचक टेबल, त्यावर चार पदरी ब्लँकेट, त्यावर चादर, आणि चादरीवर ती वजनदार इस्त्री, जी उचलताना नव्या माणसाच्या तोंडून 'बाप रे' निघाल्याशिवाय राहत नसे. दाराच्या काचेवर रंगवलेली पाटी: 'आज द्या, उद्या न्या'. चाळीस वर्षांत त्या उद्याचं परवा कधी झालं नव्हतं. ताप असो, वीज जावो, घरात पाहुणे असोत, उद्या म्हणजे उद्या. याचा त्याला इतका अभिमान होता की विषय कुठलाही निघाला तरी दोन मिनिटांत तो गाडी त्या पाटीवर आणून उभी करायचा.

सुरकुतीशी त्याचं हाडवैर होतं. पेपर वाचून झाला की तो तळहाताने दाबून दाबून सरळ करायचा. औषधाच्या चिठ्ठीवर इस्त्री फिरवायचा. लग्न होऊन महिना झाला नव्हता तोवर बायकोने एके दिवशी पाहिलं की हा चक्क पायपुसण्याला इस्त्री करतोय. तिने कपाळावर हात मारून घेतला. पण हळूहळू तिच्या लक्षात आलं की पायपुसण्यापर्यंत प्रकरण जातं ते ह्याचं काही बिनसलं असेल तेव्हाच. ह्याची आई आजारी होती त्या आठवड्यात घरातल्या चादरी संपल्या, पडदे संपले, मग हा शेजाऱ्यांच्या चादरी मागून आणायला लागला. तोंडाने मात्र ताकास तूर लागू द्यायचा नाही. 'काय झालं' विचारलं की 'कुठे काय' म्हणायचा आणि इस्त्री पुढे ढकलायचा. चौतीस वर्षं ती बिचारी नवऱ्याचं मन कपड्यांवरून वाचत आली होती.

तर झालं असं की कडकने एक गाठोडं उंबऱ्याशी ठेवलं, फक्त दोन मिनिटांसाठी. त्या दोन मिनिटांत बायको हातात पाण्याची बादली घेऊन तिकडून आली. गाठोड्याला पाय अडकला, बादली एकीकडे, ती दुसरीकडे, आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. दवाखान्यातून आल्यावर कडकने ते गाठोडं सोडलं, आत ज्याचे कपडे होते त्या गिऱ्हाइकाचे मोजेसुद्धा इस्त्री केले.

आता घरात पोळ्या कोण करणार?

हा प्रश्न तुम्हाला किरकोळ वाटेल. या घरात तो किरकोळ नव्हता. बायकोला पोळीशिवाय जेवण जात नसे, आणि पोळी म्हणजे तिच्या हातची: मऊ, पातळ, बोटाने उचलली की पदर सुटून येणारी. भाजी कडकला जमायची, भातही जमायचा, पण पोळीच्या वाटेला तो आयुष्यात गेला नव्हता. चार दिवस पावावर काढले. पाचव्या दिवशी, सोमवारी, बायकोने पाव हातात घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि तो तसाच परत ठेवून दिला. त्याच दिवशी ताईचा फोन आला.

ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. पोस्टातून निवृत्त झालेली. तीस वर्षं शिक्के मारल्यामुळे की काय, ती बोलायचीही तशीच, एकदा उमटलं ते उमटलं.

"भाऊजी, माझी बहीण पावावर जगतेय असं कानावर आलंय," ती म्हणाली. "येत्या रविवारी जेवायला येते. ताटात धड पोळी पडली तर ठीक. नाहीतर तिला घेऊन जाते, प्लास्टर निघेपर्यंत."

"बरं," कडक म्हणाला.

फोन ठेवून त्याने बोटांवर दिवस मोजले. जवळजवळ महिना! चौतीस वर्षांत बायको त्याला सोडून एकच रात्र राहिली होती, भाचीच्या लग्नाला, आणि त्या रात्रीविषयी तो कधी कोणाशी बोलला नव्हता. आता तो बायकोला 'नको जाऊस' असं म्हणू शकला असता. दोनच शब्द, पाच सेकंदांचं काम. पण हा पठ्ठ्या उठला, स्वयंपाकघरात गेला आणि पिठाचा डबा काढला.

बायको मागोमाग आली आणि हात झोळीत अडकवून स्टुलावर बसली. "काय करताय?"

"पोळी."

"तुम्ही?"

"त्यात काय आहे? पीठ, पाणी आणि घडी. घडी मला येते."

पहिल्या दिवशी त्याने कणीक अशी रगडली की परात ओट्यावरून सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली. "मऊ भिजवा," बायको सांगत होती. "मऊच आहे," तो म्हणत होता. बायकोने डाव्या हाताच्या बोटाने कणीक दाबून पाहिली. "हिने खिळा ठोकता येईल," ती म्हणाली. मग तेल लावून, पीठ भुरभुरून त्याने घडी घातली. घडी मात्र देखणी, चारी कोपरे बरोब्बर जुळलेले. ती तशीच लाटली आणि पोळी झाली चौकोनी.

"पोळी गोल असते हो."

"घडी चौकोनी असते," कडक म्हणाला.

खरी गंमत तव्यावर. पोळीवर बारीकसा फुगा आला रे आला की हा फडकं घेऊन तिच्यावर चालून जायचा. फुगा म्हणजे त्याच्या दृष्टीने सुरकुतीचीच सख्खी बहीण. खांद्यातून जोर काढून, दुसरा हात पहिल्या हातावर ठेवून असा दाबायचा की आतली वाफ चुईं करून कडेने पळून जायची. चाळीस वर्षांची सवय हाताला, ती सांगून थोडीच जाते! मग चिमट्याने पोळी उचलून तो उजेडात धरायचा.

"बघ. एक सुरकुती नाही."

सुरकुती नव्हती हे खरंच. ती पोळी दोन दिवसांनीही तशीच होती. दुकानातल्या टेबलाचा एक पाय वर्षानुवर्षं हलायचा, त्याच्याखाली बायकोने सोमवारची पोळी सरकवली. टेबल हलायचं थांबलं. कडकला राग आला, पण टेबल खरोखरच छान झालं होतं, त्यामुळे बोलायची सोय राहिली नाही.

मंगळवारी तेच. बुधवारपर्यंत कडकच्या नाकी नऊ आले. सकाळी पोळ्या, मग गिऱ्हाइकांचे कपडे, संध्याकाळी पुन्हा पोळ्या. शर्टांना कणकेचा वास यायला लागला. एका बाईंच्या काळ्या पँटवर पांढरी पाच बोटं उमटली, ती त्याने ओल्या फडक्याने पुसली आणि कपडे उद्या म्हणजे उद्या दिलेच. पाटीला धक्का नाही.

त्या दुपारी बायको कंटाळून दुकानात येऊन बसली होती. खुंटीवर एक मखमली कोट लटकत होता. शाळाशाळांतून जादूचे खेळ करणाऱ्या एका माणसाचा. कडकने तो काढला, उलटा केला आणि इस्त्री त्याच्यापासून दोन बोटं वर धरून नुसती फिरवायला लागला. खाली ओल्या फडक्याची वाफ, वर इस्त्री, मध्ये हवा.

"याला टेकवत नाही का?" बायकोने विचारलं.

"वेडी का काय? मखमलीला इस्त्री टेकली की ती मेली. तिला नुसती ऊब दाखवायची. लव आपली आपण उभी राहते. आपण मध्ये मध्ये करायचं नाही."

बायको त्याच्याकडे बघत राहिली.

"काय?" कडकने विचारलं.

"काही नाही. म्हटलं, मखमल भाजता येते का बघा."

त्याच्या डोक्यात उजेड पडायला तेवढा कोट पूर्ण व्हावा लागला. संध्याकाळी त्याने कणीक भिजवली ती बिचकत बिचकत. लाटणं फिरवलं ते जणू लाटण्याखाली कोणी झोपलंय. पोळी तव्यावर टाकली, उलटली, आणि फडकं पाठीमागे दोन्ही हातांनी घट्ट धरून उभा राहिला. एक फुगा आला. त्याच्या खांद्याला कळ लागली, पण तो हलला नाही. दुसरा फुगा आला, दोन्ही एकमेकांना भेटले आणि सगळी पोळी टम्म फुगून वर आली. कडक तिच्याकडे बघत राहिला. बघता बघता ती एका बाजूने करपली, पण ते असो.

"मऊ आहे," बायको तुकडा मोडत म्हणाली. "पण पदर चिकटलेत. आता शेवटचं सांगते. तव्यावरून काढली की लगेच दोन्ही हातांत धरायची आणि हलकेच चुरगळायची. म्हणजे आतले पदर सुटतात."

"काय करायची?"

"चुरगळायची."

कडकने हात मागे घेतले. चाळीस वर्षं जे जगातून घालवायला उभा राहिला, तेच आपल्या हाताने करायचं? त्याने प्रयत्न केला नाही असं नाही. गुरुवारी पोळी हातात घेतली, डोळे मिटले, आणि डोळे उघडले तेव्हा पोळीची सुबक चौघडी झालेली होती. शुक्रवारीही तेच. बायको हसून हसून स्टुलावरून पडायची राहिली. "दुसरं मनगट मोडेल माझं," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी ताईचा पुन्हा फोन. "उद्या येते. तिची पिशवी भरून ठेवा, ऐन वेळी धावपळ नको."

"बरं," कडक म्हणाला.

आणि मग तो दुकानात गेला. बायकोचे सगळे कपडे त्याने टेबलावर आणून टाकले. निळ्या फुलांचा गाउन, ठेवणीतले दोन जोड, शाल, रुमाल, उशीचा अभ्रा, कारण दुसऱ्याच्या घरच्या उशीवर तिला झोप येत नाही. जेवायची वेळ टळली तरी त्याची इस्त्री थांबेना. अशी इस्त्री त्याने कुणा बड्या साहेबाच्या कपड्यांनासुद्धा केली नसेल. घड्या घातल्या, एकावर एक रचल्या, आणि एवढ्या देखण्या घड्या बाहेर ठेवायच्या कुठे म्हणून पिशवीत भरल्या. बायको मधल्या दारात उभी राहून बघत होती. ती काही बोलेल असं त्याला वाटत होतं आणि तो काही बोलेल असं तिला. शेवटी ती आत निघून गेली, आणि त्या दिवशी तिने पोळीची एकही चूक काढली नाही.

रविवारी ताई बरोबर बाराला आली. दुकानातून आत येता येता तिने टेबलाच्या पायाखाली वाकून पाहिलं, सरळ झाली आणि पाटावर बसली. पिशवी दाराशी भरलेलीच होती. बायको स्टुलावर. घाबरला की माणूस जुन्या सवयीवर जातो. पहिली पोळी फुगायला लागली तोच ह्याने फडकं उचललं आणि दिली दाबून. ताईने ती ताटात घेतली आणि नखाने टकटक केलं.

"वाजते," ताई म्हणाली.

बायकोने मान खाली घातली. हसायला नाही. कडकने ते पाहिलं.

त्याने दुसरा गोळा घेतला. तेल, पीठ, घडी. कडा पातळ, मध्य जाड नको. तव्यावर टाकली, आणि फडकं उचलून खिडकीबाहेर फेकून दिलं. होय, फेकून. ते शेजारच्यांच्या कुंडीवर पडलं. पोळी फुगली, पूर्ण फुगली, त्याने उतरवली. चटका बसत होता. दोघी बहिणी बघत होत्या. कडकने ती दोन्ही हातांत धरली आणि डोळे उघडे ठेवून चुरगळली. एकदा, दोनदा. वाफ बोटांतून वर आली आणि पोळीचे पदर सुटले, एकावर एक, पातळ, इतके की मोजायचा मोह व्हावा.

ताईने पहिला घास घेतला. मग दुसरा. मग भाजी लावायचं विसरून नुसतीच पोळी खाल्ली. कडक भाजत राहिला, चुरगळत राहिला. तिसऱ्या पोळीनंतर ताईने बोटं पुसली.

"बरी आहे," ती म्हणाली. शिक्का बसला. "राहू दे हिला इथेच. मी आपली चार वाजता निघते."

कडकच्या खांद्यावरून मणाचं ओझं उतरलं. तो बायकोकडे वळला. तोंडभर हसू, कपाळावर पीठ.

"मी येते ताई तुझ्याबरोबर," बायको म्हणाली.

हसू तिथेच राहिलं, कारण त्याला खाली उतरायला वेळ मिळाला नाही. "अगं, पण पोळी झाली की."

"झाली ना. छान झाली. पण पोळीचा इथे काय संबंध? मी काय पोळीसाठी राहणार होते?" ती शांतपणे बोलत होती. "आठ दिवस झाले. एवढ्या पोळ्या केल्यात, पण 'राहा' असा एक शब्द तुमच्या तोंडून निघाला नाही. ताईने दोनदा फोन केला, दोनदा 'बरं' म्हणालात. काल तर पिशवीसुद्धा भरून ठेवलीत."

"ते मी... म्हणजे इस्त्री..."

"इस्त्री कळते मला. चौतीस वर्षं इस्त्रीच वाचतेय. यावेळी वाचायची नाही असं ठरवलंय. तोंडाने सांगायचं असेल तर सांगा."

ताईने चौथी पोळी स्वतःच्या हाताने वाढून घेतली आणि ताटात डोकं घातलं. ती तशी समजूतदार बाई होती.

कडकने ओठ ओले केले. हातात लाटणं होतं, ते ठेवलं, पुन्हा उचललं. "जाऊ नकोस," तो म्हणाला.

"ऐकू नाही आलं."

"जाऊ नकोस म्हटलं. तू नसलीस की घर मला खायला उठतं."

"उठायला मी गेले कधी होते?"

"गेली होतीस. भाचीच्या लग्नाला. एक रात्र." त्याने लाटणं पुन्हा खाली ठेवलं. "त्या रात्री मी पायपुसण्याला दोनदा इस्त्री केली. दोन्ही बाजूंनी. मग सकाळपर्यंत बसून राहिलो. मला नाही येत तुझ्याशिवाय राहायला. भीती वाटते. आणि ते गाठोडं मीच ठेवलं होतं उंबऱ्यात. माझ्यामुळे मोडला तुझा हात. कसं म्हणणार राहा म्हणून?"

बायकोने डाव्या हाताने नाक पुसलं.

"एवढंच बोलायला पिठाचा डबा रिकामा केलात," ती म्हणाली. "आणि आता ती पिशवी कोण उपसणार? मला एका हाताने जमायचं नाही. एवढ्या सुंदर घड्या. त्या बघून माझाच पाय निघत होता जायला."

कडक दाराशी गेला. पिशवी उचलून त्याने ओट्यावर उलटी केली. गाउन, शाल, ठेवणीतले जोड, सगळं कसं करकरीत, कालच्या दुपारचं. त्याने निळ्या फुलांचा गाउन दोन्ही हातांत धरला, पिठाच्याच हातांत, आणि चुरगळला. चांगला मुठी आवळून चुरगळला. मग शाल. मग अभ्रा. ताईचा घास हातातच राहिला. त्या घरात असं काही घडलेलं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"अहो," बायको म्हणाली. ती हसत होती की रडत होती ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. "आता मी घालू काय? इस्त्री करून कधी मिळणार हे?"

कडकने चुरगळलेल्या ढिगाकडे पाहिलं. मग मधल्या दारातून दुकानाच्या पाटीकडे पाहिलं, जी आतून उलटी दिसायची.

"सांगता येत नाही," तो म्हणाला. "हातात काम फार आहे. प्लास्टर निघेपर्यंत तरी होणार नाही."

आणि त्याने पुढचा गोळा लाटायला घेतला, कारण तिचं जेवण अजून व्हायचं होतं.